वेलणकरला राग का येतो?

दोस्तांनो, वीकेंडचा प्लॅन ठरला नसेल तर एक जुना सिनेमा सुचवू? आधीच सांगून ठेवते, टाइमपास नाहीये!

वाशीच्या एपीएमसी मार्केटवरून आपल्यापैकी कितीतरी जण रोज ऑफिसला जातात. ट्रक, टेम्पो, कांद्याचा नि मसाल्याचा वास... आणि त्या गर्दीत उभा एक खाकी शर्ट. सिग्नल तोडला तरच आपलं त्याच्याकडे लक्ष जातं. त्याच्या डोक्यात काय चाललंय, हा प्रश्न पडतो कधी? गोविंद निहलानींना तो 1983 मध्ये पडला होता. सिनेमाचं नाव 'अर्धसत्य'.

मूळ कथा मराठी, श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य'. पटकथा विजय तेंडुलकरांची. सब-इन्स्पेक्टर अनंत वेलणकर म्हणजे ओम पुरी. त्याला खरं तर पुढे शिकायचं होतं, पण पोलिसातल्याच बापानं (अमरीश पुरी) खाकीत ढकललं. लहानपणी आईला मार खाताना पाहिलं, काही करता आलं नाही. आता रामा शेट्टीला (सदाशिव अमरापूरकर, काय थंड नजर आहे!) हात लावता येत नाही. मेहनत याची, श्रेय भलत्यालाच. राग साठतो, दारू वाढते. आणि हा राग निघतो कुणावर? लॉकअपमधल्या एका भुरट्या चोरावर. तो मरतो.

2011 च्या 'सिंघम'मध्ये थोबाडीत बसली की शिट्ट्या पडायच्या. इथे शिट्टी घशातच अडकते. थ्रिल पाठलागात नाही. हा माणूस कधी फुटेल, यात आहे. ओम पुरींना यासाठी नॅशनल अवॉर्ड मिळालं, उगाच नाही.

पडद्याबाहेर बघायचं तर मुंबईत पोलिसांना आठ तासांची ड्युटी देण्याचा प्रयोग देवनार पोलीस ठाण्यात सुरू झाला, तो थेट 2016 मध्ये. तोवर बारा-बारा तास म्हणजे रोजचंच. थकलेल्या माणसाच्या हातात आपण दंडुका देतो आणि वर त्यानं शांत राहावं अशी अपेक्षा करतो!

आणि आपण तरी काय करतो? बॉसपुढे गप्प, घरी आल्यावर आईवर नाहीतर बायकोवर आवाज चढतो. वेलणकरवर प्रेम करणारी ज्योत्स्ना (स्मिता पाटील) त्याचा हा राग बघूनच दुरावत जाते. तेव्हा सिनेमा संपल्यावर लगेच मोबाइल हातात घेऊ नका. या आठवड्यात आपला राग नक्की कुणावर होता आणि निघाला कुणावर, एवढं फक्त आठवून बघा.