पोरं नुसती खेळतात, मग शिकतात कधी?

अंगणवाडीचा विषय निघाला की आमच्या माता-भगिनींचे एक वाक्य ठरलेले असते, "तिथं काय, पोरं नुसती खेळत्यात. शिकवत काहीच नाहीत." मग मंचर, नारायणगाव, जुन्नर अशा बाजाराच्या गावची इंग्रजी नर्सरीची गाडी दारात येते, तीन वर्षांच्या पोराच्या गळ्यात टाय येतो आणि रोजंदारीच्या पैशातून फी भरली जाते. पोराने घरी येऊन एबीसीडी म्हटली की बापाची छाती फुगते. ती हौस आम्हाला समजते. ज्यांच्या आज्या-पणज्यांना शाळेची पायरी चढू दिली नाही, त्यांनी नातवंडांसाठी घाई करावी यात नवल नाही. पण घाई कशाची करायची, हे पाहून घ्यावे म्हणून आम्ही आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम भागात, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला एका वाडीतील अंगणवाडीत अख्खी सकाळ बसलो.

पहिला अर्धा तास हातपाय धुण्यात आणि केस विंचरण्यात गेला. सेविकाताईंनी गोल करून गाणी घेतली. मग त्यांनी बाळहिरडा आणि मोठा हिरडा एकत्र कालवून जमिनीवर ढीग ओतला. या भागात हिरडा गोळा करून विकणे हा घरोघरचा धंदा, त्यामुळे वस्तू ओळखीची. पोरांनी लहान-मोठे निवडून दोन ढीग केले. एका पोराने शेजाऱ्यांना एकेक हिरडा वाटला आणि हातात राहिलेला दाखवून म्हणाला, "एक उरला!" वजाबाकी याहून वेगळी काय असते? फळ्यावरचे आकडे नंतर येतील, पण 'उरला' म्हणजे काय हे त्याच्या हाताला आधी कळले.

तीच गोष्ट लिहिण्याची. तीन वर्षांच्या मुलाच्या मनगटाची हाडे अजून पुरती तयार झालेली नसतात. त्याच्या मुठीत पेन्सिल कोंबून पानेच्या पाने गिरवून घेणे म्हणजे कोवळ्या वासराला औताला जुंपणे. त्याच बोटांनी मणी ओवले, माती मळली, बाटलीत न सांडता पाणी ओतले, की पेन्सिल आपोआप नीट धरता येते.

नंतर बिबट्याचा खेळ रंगला. या दोन्ही तालुक्यांत पोरांना बिबट्या चित्रातून शिकवावा लागत नाही. एक जण गुरगुरत आला, बाकीचे सतरंजीखाली दडले. एक लहानगी खरोखरच घाबरली, तेव्हा बिबट्याच तिची समजूत काढायला बसला! घरात ज्या भीतीबद्दल मोठी माणसे कुजबुजत बोलतात, ती पोरे खेळून बाहेर काढतात. हे कोणत्या विषयात मोडते ते आम्ही सांगत नाही, पण नर्सरीच्या वेळापत्रकात त्याला तास नसतो एवढे खरे.

खिचडीच्या वेळी सगळी पोरे एका ओळीत बसली. महादेव कोळ्यांची, ठाकरांची, आपल्या घरांतली. कोण कोणाशेजारी बसले याकडे कोणाचे लक्ष नव्हते. आमचे मात्र होते. साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांना घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागत होते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांचे लक्ष जाणारच.

ही अंगणवाडी आपल्या महाराष्ट्रातच रुजलेली आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. गरिबाघरची पोरे बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. पोरांना आधी न्हाऊ-माखू घालायचे, मग पाने, बिया, शंख-शिंपले घेऊन शिकवायचे. महागडी साधने नकोतच. 1957 पासून हेच काम कोसबाडला वाढले. पुढे 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्राने देशात 33 ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तिच्या केंद्रालाही अंगणवाडी हेच नाव मिळाले. अलीकडे 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही तीन ते आठ या वयासाठी खेळातूनच शिक्षण सांगितले आहे.

आता एक गोष्ट वाचकांनी नीट ध्यानात घ्यावी. मूळ संविधानाच्या कलम 45 मध्ये चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत सर्व बालकांना मोफत व सक्तीचे शिक्षण द्यावे असे होते. खाली वयाची अट नव्हती. घटना समितीत हे कलम प्राथमिक शिक्षणापुरतेच ठेवावे अशी दुरुस्ती आली, तेव्हा 23 नोव्हेंबर 1948 रोजी बाबासाहेबांनी सांगितले की चौदा वर्षांखालील मुलाला कामाला लावायचे नसेल, तर त्याला शिक्षणसंस्थेतच गुंतवून ठेवले पाहिजे. 2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क झाला, पण सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा. सहाच्या आतल्यांसाठी राज्याने प्रयत्न करावा, एवढेच कलम 45 मध्ये राहिले. म्हणजे तीन वर्षांच्या पोराला हक्क नाही, प्रयत्न आहे.

आणि हा प्रयत्न कोठे थांबतो ते उसाच्या फडात दिसते. विघ्नहर आणि भीमाशंकर या कारखान्यांचे गाळप सुरू झाले की बीड, अहिल्यानगरकडील तोडकरी कुटुंबे या दोन तालुक्यांत उतरतात. आईबाप पहाटेच फडात जातात. मागे कोपीपाशी सात-आठ वर्षांची मुलगी, तिच्या कडेवर धाकटा भाऊ आणि पलीकडे बिबट्याचा ऊस. भाऊ अंगणवाडीत बसला तरच ती मुलगी शाळेत बसू शकते. एका पोराच्या खेळण्यावर दोघांचे शिकणे अडलेले असते. गावातील सेविका नाव लिहून घ्यायला बहुधा तयार असते, पण कोप्या पडतात शिवारात, अंगणवाडी असते गावठाणात आणि पोरांना आणणारे कोणी नसते.

आपल्या तरुण मंडळांनी आणि महिला मंडळांनी येत्या हंगामात आपल्या शिवारात किती कोप्या पडल्या, त्यांत सहा वर्षांखालची मुले किती, हे मोजून यादी सेविकाताईंकडे द्यावी. सकाळी त्यांना अंगणवाडीपर्यंत कोण आणणार, याची पाळीही त्याच बैठकीत ठरवावी.