‘निवडा’ हा काही रक्तगट नाही!



“ड्रॉपडाउनच तर आहे, त्यात कसली आलीय चूक?” प्रोजेक्ट सबमिशनच्या आदल्या रात्री आपल्या लॅबमध्ये हे वाक्य हमखास ऐकू येतं. मीही तेच म्हणायचो. आता म्हणत नाही. का, ते सांगतो.

गेल्या वर्षी होस्टेलच्या रक्तदात्यांच्या यादीसाठी मी ऑनलाइन फॉर्म केला. नाव, रूम नंबर, मोबाइल आणि रक्तगटाचा ड्रॉपडाउन. पहिला पर्याय ‘ए पॉझिटिव्ह’. एका रात्री मेसच्या मामांच्या मुलीसाठी नेमकं तेच रक्त हवं होतं. यादी उघडली, तर ए पॉझिटिव्हवाले ढिगाने! पण फोन लावला की पलीकडून, “माझा बी आहे रे,” नाहीतर “मला माहीतच नाही.” दोन तास दारं ठोठावण्यात गेले. रक्त मिळालं, पण ते माझ्या यादीमुळे नव्हे. सेकंड इयरच्या एकाच्या पाकिटात रक्तदात्याचं कार्ड निघालं, म्हणून!

झालं होतं काय? आपण हातच लावला नाही, तर ब्राउझर अशा यादीतला पहिला पर्याय निवडलेला धरतो. आपल्या देशात ओ आणि बी हे गट जास्त आढळतात. निदान त्यावरून तरी मला शंका यायला हवी होती.

मग मी वर ‘निवडा’ अशी ओळ टाकली. त्यातही मेख! त्या ओळीची व्हॅल्यू रिकामी ठेवली नाही, तर ‘निवडा’ हा शब्दच उत्तर म्हणून सर्व्हरकडे जातो. ‘उत्तर रिकामं आहे का?’ एवढंच तपासणारा कोड त्याला खुशाल पास करतो. व्हॅल्यू रिकामी ठेवून ‘रिक्वायर्ड’ लिहिलं, की ब्राउझर फॉर्म अडवतो. २०१४ साली प्रमाण ठरलेल्या एचटीएमएल ५ मध्ये ही सोय आहे.

एवढ्यावर भागलं का? छे! शेजारच्या रूममधल्या महाशयांनी ब्राउझरची डेव्हलपर टूल्स उघडून पर्यायच बदलला आणि रक्तगट पाठवला, ‘अमृततुल्य’. डेटाबेसने तो मुकाट्याने गिळला. धडा असा, की ब्राउझरमधली तपासणी भरणाऱ्याच्या सोयीसाठी असते, राखणीसाठी नाही. आलेलं उत्तर आपल्या आठ गटांपैकीच आहे ना, हे सर्व्हरने स्वतः ताडून पाहायलाच हवं.

“पण भरणाऱ्याने नीट बघून भरायला नको का?” असं माझा पार्टनर म्हणतो. हवं ना! पण ज्याला आपला गटच ठाऊक नाही, त्याने काय करायचं? सक्ती केली आणि ‘माहीत नाही’ हा पर्याय दिला नाही, तर तो काहीतरी ठोकून देणारच. ती थाप आपणच त्याच्याकडून वदवून घेतलेली असते. कोडला एवढंच कळतं, की उत्तर यादीतलं आहे. ते खरं आहे की नाही, हे त्याला कळत नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की आठ गटांच्या जोडीला ‘माहीत नाही’ हा नववा पर्याय हवाच. यादी छोटी झाली तरी चालेल, पण रात्री दोन वाजता ती खरी निघाली पाहिजे.

फॉर्म नव्याने केलाय. या वेळी प्लीज, बघून भरा!