खाडा कापायचा, पण कोणत्या चुकीचा?



घरकाम करणारी बाई तापाने दोन दिवस घरी राहिली, तर महिनाअखेरीस तिचे दोन खाडे कापले जातात. तिची बाजू कोणी ऐकत नाही, चौकशी समिती बसत नाही. म्हणूनच ‘सभागृहात गैरवर्तन करणाऱ्या आमदार-खासदारांना बिनपगारी निलंबित करा’ असे बैठकीत कोणी म्हटले, की बायका चटकन माना डोलावतात. आम्हाला जो न्याय, तोच त्यांना! या रागात चूक काहीच नाही. पण ही मागणी उचलून धरण्यापूर्वी एक प्रश्न आपण विचारायलाच हवा. गैरवर्तन कशाला म्हणायचे, आणि ते ठरवणार कोण?

बेळगावचे उदाहरण घेऊ. १६ डिसेंबर २०२१ रोजी कर्नाटक विधानसभेचे अधिवेशन तिथे चालू होते. बोलायला वेळ मिळावा म्हणून सदस्यांचा गलका चालला होता. तेव्हा काँग्रेसचे आमदार आणि त्याच विधानसभेचे माजी अध्यक्ष के. आर. रमेश कुमार यांनी एक ‘म्हण’ ऐकवली. बलात्कार टळणार नसेल, तर आडवे पडून त्याची मजा घ्यावी, असा तिचा अर्थ. अध्यक्षांच्या खुर्चीवर बसलेले भाजपचे विश्वेश्वर हेगडे कागेरी हसले. इतर सदस्यही हसले. रमेश कुमारांच्याच पक्षाच्या खानापूरच्या आमदार अंजली निंबाळकर यांनी, सभागृहाने समस्त स्त्रियांची माफी मागावी, असे उघडपणे सांगितले. दुसऱ्या दिवशी रमेश कुमारांनी माफी मागितली, आणि विषय मिटवण्यात आला. निलंबन झाले नाही.

त्याच विधानसभेत २१ मार्च २०२५ रोजी काय घडले पाहा. भाजपचे आमदार अध्यक्षांच्या आसनापर्यंत चढले, त्यांनी कागद फाडून भिरकावले. १८ जणांना सहा महिन्यांसाठी निलंबित केले गेले, दैनिक भत्ताही बंद झाला. पुढे मे महिन्यात ते निलंबन मागे घेतले गेले, ही गोष्ट वेगळी. त्याच दिवशी, त्याच गोंधळात, आमदारांचा पगार महिना ४० हजारांवरून ८० हजार करणारे विधेयकही मंजूर झाले.

म्हणजे कागद भिरकावला तर सहा महिने, आणि बलात्कारावर विनोद केला तर ‘माफी मागितली ना, झाले!’ इथे पक्षाचा प्रश्न नाही. नियमांना गोंधळ दिसतो, अपमान दिसत नाही. सगळे मिळून हसले, तर कामकाजात अडथळा येतच नाही.

हे केवळ आपल्याकडे आहे असेही नाही. १ मार्च २०१७ रोजी युरोपीय संसदेत पोलंडचे सदस्य यानुश कोर्विन-मिके म्हणाले, की स्त्रिया दुबळ्या आहेत, लहानखुऱ्या आहेत, कमी बुद्धीच्या आहेत, म्हणून त्यांना पगार कमीच मिळायला हवा. संसदेच्या अध्यक्षांनी त्यांना दहा दिवस कामकाजातून दूर ठेवले आणि तीस दिवसांचा दैनिक भत्ता कापला. ही रक्कम ९,१८० युरो होती. आपल्याला हवी तशीच ही शिक्षा. पण ३१ मे २०१८ रोजी युरोपीय न्यायालयाने ती रद्द केली. त्या भाषणाने सभागृहाच्या कामात गंभीर व्यत्यय आला नव्हता, आणि तेव्हाच्या नियमांनुसार शिक्षेसाठी तो यावा लागत होता. नियमच अपुरा असला, तर शिक्षा टिकत नाही, हा त्यातला धडा.

आता निलंबनाची दुसरी बाजू. डिसेंबर २०२३ मध्ये संसदेत घुसखोरी झाली. तिच्यावर सरकारने निवेदन करावे म्हणून विरोधकांनी धरणे धरले, घोषणा दिल्या. दोन्ही सभागृहांतले मिळून १४६ खासदार निलंबित झाले. त्यानंतर २० आणि २१ डिसेंबरला भारतीय न्याय संहिता मंजूर झाली. बलात्काराची व्याख्या याच कायद्यात आहे. पत्नी अठरा वर्षांची असेल, तर नवऱ्याने केलेला बलात्कार हा बलात्कार नव्हे, ही सवलतही त्यात तशीच राहिली. तिच्याविरुद्ध आपण किती वर्षे निवेदने देत आलो! आणि कायदा होताना विरोधी बाके जवळजवळ रिकामी होती. ते खासदार आपल्या बाजूने बोललेच असते, याची खात्री नाही. पण बोलण्याची शक्यताच पुसली गेली, हे नक्की.

इथे स्वतःकडेही बोट दाखवायला हवे. ९ मार्च २०१० रोजी राज्यसभेत महिला आरक्षण विधेयकाला कडाडून विरोध करणाऱ्या सात निलंबित खासदारांना मार्शलांनी बाहेर काढले, आणि विधेयक मंजूर झाले. तेव्हा आपल्यापैकी अनेकींना आनंद झाला. पण जे हत्यार त्या दिवशी आपल्या कामी आले, त्याचे पाते कोणत्याही बहुमताच्या हाती तितकेच धारदार असते. महाराष्ट्रातल्या बारा आमदारांचे जुलै २०२१ मधले वर्षभराचे निलंबन सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०२२ रोजी रद्द केले. निलंबन चालू अधिवेशनापुरतेच असू शकते, त्यापुढे शिक्षा सदस्याला नव्हे, मतदारसंघाला होते, असा त्या निकालाचा आशय होता.

मग पगार कापायचा की नाही? आमच्या मते जरूर कापावा. मतदाराचा आवाज बंद करण्यापेक्षा सदस्याच्या खिशाला हात घालणे अधिक न्याय्य आहे. आज निलंबित खासदाराचा दैनिक भत्ता थांबतो, पगार चालूच राहतो. ब्रिटनमध्ये निलंबित खासदाराचा पगारही थांबतो. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी तिथे २०१८ पासून स्वतंत्र यंत्रणा आहे, आणि २०२० पासून शिक्षेचा निर्णय करणाऱ्या मंडळात एकही खासदार नसतो. निलंबन दहा बैठकींचे किंवा त्याहून मोठे असेल, तर मतदारांना त्याला परत बोलावण्याची प्रक्रिया सुरू होते.

म्हणून आपली मागणी नुसती ‘बिनपगारी निलंबन’ एवढी असू नये. स्त्रीचा, जातीचा, धर्माचा अपमान करणारे बोलणे-वागणे हेच गैरवर्तन, मग गोंधळ होवो न होवो, असे नियमात लिहा. घोषणा आणि सभात्याग यांना त्या रांगेत बसवू नका. शिक्षा बहुमताने ठरवू नका. निम्म्या स्त्रिया असलेल्या आणि कोणत्याही पक्षाच्या नसलेल्या समितीकडे ती सोपवा. विधिमंडळात काम करणाऱ्या कर्मचारी आणि पत्रकार स्त्रियांनाही तिथे तक्रार करता आली पाहिजे.

येत्या अधिवेशनापूर्वी आपापल्या आमदाराला भेटा आणि एवढेच विचारा: सभागृहात बाईवर विनोद झाला, तेव्हा तुम्ही हसलात का? मिळालेली उत्तरे आम्हाला जरूर कळवा. पुढच्या अंकात ती छापू.

– संपादक मंडळ