पूर आला, मग डिपॉझिट कुणाचं बुडणार?

22 जुलै 2023. सातपुड्याच्या पायथ्याशी धो धो पाऊस कोसळला आणि संग्रामपूर, जळगाव जामोद तालुक्यांत पाणी थेट घरात शिरलं. त्यानंतर चर्चा झाली ती खरडून गेलेल्या शेतांची. ती व्हायलाच हवी होती. पण भाड्याच्या घरात राहणाऱ्यांचं काय, हा प्रश्न मागेच राहिला.

खामगाव, शेगाव, बुलढाण्यात रूम करून शिकणाऱ्यांनो, हा प्रश्न तुमचाही आहे. समजा, तळमजल्यावरच्या रूममध्ये रात्रीतून गुडघाभर पाणी आलं. गादी, पुस्तकं, लॅपटॉप गेलं. भिंतींना ओल आली, दार फुगलं. रूम सोडताना काका म्हणतात, "दुरुस्तीचे पैसे डिपॉझिटमधून कापले बरं का!" हे बरोबर आहे का?

करारात वेगळं काही ठरलं नसेल, तर नाही. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 108 सांगतं की, भाडेकरूने जागा घेतली तशी परत करायची. पण नेहमीच्या वापरातली झीज आणि कुणालाच थोपवता न येणाऱ्या शक्तीने झालेलं नुकसान यातून वगळलं आहे. पुरामुळे जागेचा मोठा भाग कायमचा निकामी झाला, तर भाडेपट्टा संपवायचा पर्यायही भाडेकरूकडे असतो.

मग लॅपटॉपचे पैसे मालकाने द्यायचे का? पाणी नदी-नाल्याचं असेल, तर तो तोटा तुमचाच. पण गच्चीचा पाइप तुंबलाय हे वारंवार सांगूनही मालकाने लक्ष दिलं नसेल, तर भरपाई मागता येते. आणि नळ तुम्हीच उघडा ठेवला असेल, तर खर्चही तुमचाच! म्हणजे पहिला प्रश्न एकच: पाणी आलं कुठून?

खरी गोची पुढे आहे. 11 महिन्यांचा 'लिव्ह अँड लायसन्स' करार हा भाडेपट्टा नव्हे. तिथे कलम 108 आपोआप मदतीला येत नाही, करारातली ओळ महत्त्वाची ठरते. अनेकांकडे तर करारच नसतो, सगळं तोंडी. पण 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 नुसार लेखी करार करून नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. तो नसेल, तर मालक उलट सिद्ध करत नाही तोवर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. हे किती जणांना माहीत आहे?

म्हणून पावसाळ्याआधी एवढं कराच. 'नैसर्गिक आपत्तीचं नुकसान डिपॉझिटमधून कापणार नाही' ही ओळ करारात घालून घ्या. रूम घेताना भिंती-दारांचे फोटो काढा. गळतीची तक्रार व्हॉट्सॲपवर लिहून करा. पाणी शिरलंच, तर तलाठ्याच्या पंचनाम्याच्या वेळी हजर राहा; घर मालकाचं असलं तरी सामान तुमचं आहे, ते नोंदवायला सांगा. मालकाने फक्त इमारतीचा विमा काढला असेल, तर तुमचं सामान त्यात येत नाही. भाडेकरूला फक्त सामानाचा विमा वेगळा काढता येतो.

पूर कुणाला विचारून येत नाही. पण त्याचा हिशोब कुणाच्या नावावर पडणार, हे आधी ठरवून ठेवता येतं.