अर्ज तोच, आडनाव वेगळे

"खासगी क्षेत्रात जात कोण विचारतो? तिथं फक्त गुणवत्ता चालते." उदगीरमध्ये हे वाक्य आम्ही सारखं ऐकतो. आता तर आपलीच शिकलेली माणसं ते बोलू लागली आहेत. पुण्या-हैदराबादला अर्ज पाठवून थकलेल्या पोराला सल्ला मिळतो, इंग्रजी सुधार, पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटचा क्लास लाव. आणि हळूच कोणीतरी आडनाव बदलायलाही सांगतं.

या सगळ्यांनी प्रा. सुखदेव थोरात यांचं काम वाचावं. अमरावती जिल्ह्यातून आलेले, बाबासाहेबांनी उभारलेल्या औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकलेले, पुढे जेएनयूत अर्थशास्त्राचे प्राध्यापक. यूजीसीचे अध्यक्ष होते हे जयंतीच्या भाषणात सांगितलं जातं. संशोधन मात्र राहून जातं.

थोरात आणि अमेरिकन समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांनी 66 आठवडे इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या 548 जाहिरातींना 4,808 अर्ज पाठवले. शिक्षण सारखं, पात्रता सारखी. फरक एवढाच की एका अर्जावर सवर्ण हिंदू नाव, दुसऱ्यावर दलित, तिसऱ्यावर मुस्लिम. जात कुठंही लिहिलेली नव्हती, ती नावावरून ओळखायची होती. आणि ती ओळखली गेली! पुढच्या फेरीसाठी बोलावणं येण्याची सवर्ण नावाची संधी 100 धरली, तर संख्याशास्त्राच्या हिशेबात दलित नावाची 67 आणि मुस्लिम नावाची 33 निघाली. हा अभ्यास 2007 साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आला. अमेरिकेत गोऱ्या आणि काळ्या नावांनी असाच प्रयोग त्याआधी झाला होता, निष्कर्षही त्याच दिशेचे.

इथं मुलाखत झालीच नव्हती. कोणाचं इंग्रजी कोणी ऐकलं नव्हतं, कपडे पाहिले नव्हते. मग क्लास लावून काय सुधारायचं?

आम्हाला या पद्धतीचं मोल दुसऱ्याही कारणानं वाटतं. नाकारलेल्या पोराला शेजारचा अर्ज कधी दिसत नाही. त्यामुळं तो स्वतःलाच दोष देतो, आणि भेदभाव झाला म्हणालाच तर लोक पुरावा मागतात. थोरातांनी दोन्ही अर्ज शेजारी ठेवले. त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी कंपन्यांच्या एचआर अधिकाऱ्यांशी बोलून पाहिलं. ते गुणवत्तेची भाषा करत होते आणि उमेदवाराची 'कौटुंबिक पार्श्वभूमी'ही विचारत होते. जात विचारण्याची ही सभ्य रीत.

आडनाव बदलून एखादा सुटेल, पण चाळणी तशीच राहील. संविधानाचं कलम 16 सरकारी नोकरीपुरतं आहे. खासगी आरक्षणाचा प्रश्न आला तेव्हा उद्योगसंघटनांनी ऐच्छिक आचारसंहितेवर भागवलं. ऐच्छिक म्हणजे पाळली नाही तरी चालते अशी! आपल्याला खासगी भरतीत आरक्षण हवं आणि भरतीतला भेदभाव गुन्हा ठरवणारा कायदाही हवा. मतं मागायला येणाऱ्या प्रत्येकाला, निळा झेंडा घेऊन येणाऱ्यालासुद्धा, हे दोन प्रश्न विचारा.