शनीचे पाच अंश

२०२३ साली रत्नागिरी जिल्ह्यात टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांत गणपती २० ऑगस्टला बसले. शेजारच्या घरांत १९ सप्टेंबरला. अशा वर्षी ‘आमचेच पंचांग आकाशाशी जुळते’ हा दावा दोन्हीकडून हमखास ऐकू येतो. हा दावा मुळातच गैरलागू आहे.

दोन्ही पंचांगांचे ग्रहगणित आज अर्वाचीनच आहे. अमावास्या दोघांची एकाच वेळी संपते. मतभेद आहे तो राशिचक्राची मोजणी कोठून सुरू करावी, एवढ्यापुरता. टिळक पक्ष रेवतीची एक मंद तारका धरतो, दुसरा पक्ष चित्रेच्या समोरचा बिंदू. दोहोंत सुमारे ४ अंशांचे अंतर, म्हणजे संक्रांतीत चारेक दिवसांचा फरक. त्या वर्षी सिंहसंक्रांत एका हिशेबाने १६ ऑगस्टच्या अमावास्येआधी पडली, दुसऱ्याने नंतर. म्हणून एकाचा श्रावण निज ठरला आणि दुसऱ्याचा अधिक. आरंभबिंदू हा संकेत आहे. तो दुर्बिणीतून सिद्ध होत नसतो, हे दोन्ही पक्षांच्या अभिमान्यांना कोणीतरी सांगायला हवे.

वेधाने सुधारणा म्हणजे काय, हे जंजिऱ्याजवळच्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली, दाखवून दिले होते. ‘ग्रहलाघवा’त त्यांनी रवी सौर पक्षाचा घेतला, गुरू आर्य पक्षाचा, चंद्रातून ९ कला वजा केल्या, आणि आर्य पक्षाच्या शनीत सरळ ५ अंश मिळवले. पाच अंश! परंपरेच्या नावाने गळा काढणाऱ्यांनी हा आकडा मनाशी घोळवून पाहावा. ज्या ग्रंथावर महाराष्ट्राची पंचांगे शतकानुशतके चालली, तो ग्रंथच पूर्वसूरींच्या दुरुस्तीतून जन्मला. पुढे तोही आकाशापासून ढळला, तेव्हा केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० साली पाश्चात्त्य गणिताच्या आधारे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली. त्यांना परक्यांचे अनुयायी म्हणायचे असेल, तर गणेश दैवज्ञांना काय म्हणणार?

(दापोलीजवळच्या मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित तर सायन पंचांगाचे पुरस्कर्ते. त्यांच्या मते रेवती आणि चित्रा, दोन्ही बाजूलाच. जिल्ह्याला त्यांचा अभिमान आहे; मत मात्र कोणी घेतले नाही.)

पंचांगकर्त्यांकडे मागणे एकच: ग्रहस्थाने कोणत्या गणितावरून काढली आणि अयनांश किती धरले, हे पहिल्या पानावर ठळक छापावे. राशिभविष्य मागे सरकले तरी चालेल.