ओटी धरून, की सोडून?

नाशिकमध्ये, त्यातही सिडको-सातपूर-अंबड पट्ट्यात, मुलाचं स्थळ आलं की चौकशीचा क्रम ठरलेला असतो. ‘मुलगा काय करतो?’ ‘कंपनीत आहे.’ ‘पर्मनंट, की कॉन्ट्रॅक्टवर?’ इथे उत्तर देणारा जरा घसा खाकरतो. ‘होईल आता पर्मनंट.’ ‘हातात किती पडतात?’ ‘बावीस-तेवीस.’ मग मुलीकडची एखादी मुरलेली आत्या शेवटचा प्रश्न टाकते, ‘ओटी धरून, की सोडून?’

ओटी म्हणजे ओव्हरटाइम. एमआयडीसीच्या आसपास राहणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. आत्याबाईंना नुसता पगार कळून उपयोग नसतो. त्यातला किती पगार आठ तासांचा आणि किती घरचा वेळ विकून मिळवलेला, हे त्यांना हवं असतं. आपली भाची त्या घरात जाणार, तेव्हा जावई तिच्या वाट्याला किती येणार, याचाही अंदाज त्याच उत्तरातून बांधता येतो.

माझा भाचा अंबडला एका व्हेंडर कंपनीत सीएनसी मशीनवर आहे. मोठ्या गाडी कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या युनिट्सपैकी ती एक. त्याच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं आहे. आपण ज्या चौकटींत दुधाचे खाडे मांडतो, त्या चौकटींत भाचेसून नवऱ्याच्या ओटीचे तास लिहिते. ४, ४, ०, ४, ४, ०. महिना संपला की बेरीज करायची आणि पगाराच्या स्लिपशी ताडून बघायची. कधी स्लिपमध्ये तास कमी लागलेले असतात. मग सुपरवायझरला विचारायचं की जाऊ द्यायचं, यावर रात्री खल होतो. बहुतेक वेळा जाऊ देतात.

त्या कागदावर मला जास्त बोलकं वाटलं ते शून्य. शून्य म्हणजे त्या दिवशी तो साडेचारला सुटला, पोराला घेऊन बाहेर गेला, रात्री सगळे एका पंगतीत जेवले. ‘मग ते दिवस बरे ना?’ असं मी भाचेसुनेला विचारलं. ती म्हणाली, ‘बरे असतात मामा, पण एका महिन्यात चार-पाचच्या वर झाले की मला धडकी भरते.’

कामाचे तास आणि घर यांचा तोल साधा, लवकर घरी जा, मुलांशी खेळा, मोबाइल बाजूला ठेवा, असा उपदेश करणारे लेख मीही लिहिले असते. पण या चौकटी पाहिल्यावर ते जमत नाही. भाच्याला तोल कळत नाही असं नाही. मी विषय काढला तेव्हा तो म्हणाला, ‘मामा, आठ तासांत घर चाललं असतं तर बारा तास मशीनपुढे उभं राहायची हौस कुणाला आहे?’ मंदी आली की कंपनीत फलकावर ‘ओटी बंद’ लागतं. त्या दिवशी कामगार लवकर घरी जातात, पण खुशीत कोणी जात नाही. गाडीचा हप्ता ओटी धरून घेतलेला असतो. शाळेची फी, भाडं, गावी आईला पाठवायचे पैसे, सगळं तसंच.

जरा आकडेमोड करू. समजा एखाद्याचा पगार महिना १५,००० आहे. २६ दिवस, रोज आठ तास. म्हणजे तासाला साधारण ७२ रुपये. तो रोज चार तास जास्त थांबला तर महिन्याचे १०४ तास होतात. त्याच दराने पैसे मिळाले तर ७,५०० रुपये. पंधरा आणि साडेसात, साडेबावीस हजार. स्थळाच्या चौकशीतले ‘बावीस-तेवीस’ येतात ते असे.

पण कायदा काय म्हणतो? कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ५९ नुसार जादा तासांचा दर दुप्पट हवा होता, आणि २०२५ मध्ये त्याच्या जागी आलेल्या श्रमसंहितेतही तो दुप्पटच आहे. म्हणजे साडेसातच्या जागी पंधरा, एकूण तीस हजार. आपल्या औद्योगिक वसाहतीत यासाठी दोन शब्द सर्रास चालतात, ‘सिंगल ओटी’ आणि ‘डबल ओटी’. नोकरी शोधणारी पोरं गेटवर एकमेकांना विचारतात, ‘तिकडे सिंगल देतात का डबल?’ जणू दोन्ही कायदेशीर आहेत आणि निवड फक्त नशिबाची आहे.

दुप्पट दर ही कामगाराला दिलेली बक्षिसी आहे, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. तो मालकाला घातलेला लगाम आहे. मशीन चोवीस तास चालवायचं तर आठ-आठ तासांचे तीन कामगार लागतात. मजुरी चोवीस तासांची. बारा-बारा तासांचे दोन कामगार लावले आणि जादा तासांना दुप्पट दर दिला, तर हिशेब बत्तीस तासांच्या मजुरीवर जातो. साहजिकच मालक तिसरा माणूस घेईल. पण ओटी सिंगल दिली की दोघांतही चोवीसच तास पडतात. वर तिसऱ्या माणसाची रजा, त्याचा बोनस, त्याची ग्रॅच्युइटी, सगळं वाचतं. तेव्हा सिंगल ओटीत नुकसान होतं ते दोघांचं. एकाची झोप जाते आणि दुसऱ्याला, गेटबाहेर उभ्या असलेल्या आयटीआयवाल्या पोराला, नोकरीच मिळत नाही.

छोट्या कारखानदाराची बाजूही ऐकून घ्यायला हवी. वरच्या मोठ्या कंपनीला दरवर्षी भाव कमी करून हवा असतो. ऑर्डर कधी अचानक दुप्पट होते, कधी पंधरा दिवस थंड पडते. माल वेळेत गेला नाही तर तिकडची लाइन थांबते आणि खापर याच्या डोक्यावर फुटतं. त्याचं रडगाणं खोटं नाही. पण ही सगळी ओढाताण शेवटी ज्याच्या झोपेवर येऊन थांबते, त्याला या व्यवहारात विचारलं जात नाही, हेही तितकंच खरं.

आता विचारलं जाणार आहे, असं सरकार म्हणतं. ३ सप्टेंबर २०२५ ला राज्य मंत्रिमंडळाने कामाच्या तासांत बदल करायला मंजुरी दिली. कारखान्यात दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १२, वीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या दुकान-आस्थापनांत ९ वरून १०. कारखान्यात तिमाहीतली ओव्हरटाइमची मर्यादा ११५ तासांवरून १४४. आठवड्याचे तास ४८ च राहणार, दुप्पट दर कायम, आणि कामगाराची लेखी संमती आवश्यक. पुढे २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांतही जादा कामाला संमती आणि दुप्पट दर आहेच.

कागदावर हे वाईट दिसत नाही. बारा तासांचे चार दिवस म्हणजे ४८ तास भरले, मग तीन दिवस सुट्टी. मी भाच्याला विचारलं, तीन दिवस सुट्टी मिळाली तर काय करशील? त्याने क्षणाचाही विचार केला नाही. ‘दुसरीकडे ड्युटी पकडेन.’ शिवाय वर मांडलेले महिन्याचे १०४ तास तिमाहीला ३१२ होतात. वाढवलेल्या १४४ च्याही दुपटीहून जास्त. म्हणजे जे आजच मर्यादेबाहेर चाललंय, ते मर्यादा वाढवून आत येत नाही.

राहिली संमती. ‘नाही’ म्हणण्याची सोय असेल तरच ‘हो’ला किंमत येते. याचं एक उदाहरण आपल्या नाशिकरोडच्या नोट प्रेसच्या धंद्यातलंच आहे. २०१६ च्या नोव्हेंबरात नोटबंदी झाली आणि देशातल्या सगळ्या नोटछपाई कारखान्यांवर कामाचा डोंगर कोसळला. नाशिकरोडचे प्रेस कामगारही तेव्हा सुट्ट्या विसरून राबले. पश्चिम बंगालमधल्या सालबोनीच्या प्रेसमध्ये बारा-बारा तासांच्या पाळ्या सुरू होत्या. डिसेंबर संपता संपता तिथल्या कर्मचारी संघटनेने व्यवस्थापनाला कळवलं की माणसं आजारी पडताहेत, आता नऊ तासांहून जास्त काम होणार नाही. सारा देश नोटांसाठी रांगेत उभा असताना त्यांना हे म्हणता आलं. कारण नोकरी कायम होती, मागे संघटना होती, आणि आठ-नऊ तासांच्या पगारात चूल पेटत होती. या तिन्हींपैकी एकही गोष्ट अंबडच्या कंत्राटी पोराकडे नाही. त्याच्यापुढे संमतीचा छापील फॉर्म आला तर तो वाचणारही नाही. सही करेल.

तास आणि दाम हे दोन वेगळे विषय आहेत, ही समजूत अलीकडची. नारायण मेघाजी लोखंड्यांना तसं वाटत नव्हतं. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी मुंबईत परळला गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. त्यात रविवारची सुट्टी होती, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती होती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त अशी कामाची वेळ होती. त्याच कागदावर, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा आणि कामावर इजा झाली तर बरं होईपर्यंत पगार चालू राहावा, याही मागण्या होत्या. सूर्यास्तापर्यंत राबणं ही तेव्हा सवलत मागण्याजोगी गोष्ट होती! रविवार मिळायला १० जून १८९० उजाडला. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, तेव्हा १९४६ च्या दुरुस्तीने आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. आज आपण ज्याला ‘ड्युटीचे आठ तास’ म्हणतो, ते असे इंच इंच लढवून मिळवलेले आहेत.

गंगापूर रोडवरच्या घरांत हाच प्रश्न उलट्या बाजूने येतो. तिथली मुलं पुण्या-बेंगळुरूला आयटीत असतात. पगार भाच्याच्या चौपट-पाचपट, पण ओटी हा प्रकारच नाही. रात्री अकराला अमेरिकेचा कॉल, रविवारी ‘जरा हे बघून घे’. ते तास कुठल्याही कालनिर्णयात लिहिले जात नाहीत, म्हणून ते झालेच नाहीत असं धरलं जातं. २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याचे ७० तास सुचवले. २०२५ च्या जानेवारीत एल अँड टीचे अध्यक्ष सुब्रह्मण्यन ९० वर गेले. दोघांनी तास सांगितले, दर कुणीच सांगितला नाही.

आणि या तासांची किंमत पुढे शरीर मोजतं. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास सांगतो, की आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका ३५ टक्के आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्के जास्त असतो. रोज बारा तास, सहा दिवस, म्हणजे ७२ तास. भाचा तिशीतला आहे, आज त्याला काही वाटत नाही. पण ओटीच्या पैशाची आणखी एक खोड आहे. पीएफ कापला जातो तो मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर, ओटीवर नाही. ग्रॅच्युइटीच्या हिशेबातही ओटी धरत नाहीत. म्हणजे तारुण्यातले जे हजारो तास तो मशीनला देतोय, त्यांचा म्हातारपणी एक पैसा त्याच्या नावावर नसेल. त्या तासांची पाठदुखी तेवढी असेल.

म्हणून कामाचे तास किती असावेत, या वादात मला फारसा रस उरलेला नाही. आठ तासांच्या कामावर चार माणसांचं घर चालतं का, हा पहिला प्रश्न. जादा तासांना दुप्पट मोजले जातात का, आणि जात नसतील तर तपासायला कोण येतं, हा दुसरा. या दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल, तर बारा काय, पंधरा तासांचीही परवानगी देऊन टाका. मागणारं कोणी सापडणार नाही, मालकही नाही आणि कामगारही नाही.

आणि संमतीपत्रं छापायचीच असतील, तर त्यांत एक रकाना वाढवावा. सहीच्या वरच्या ओळीत त्या कामगाराचा निव्वळ आठ तासांचा पगार ठळक आकड्यांत लिहावा, ओटी सोडून. म्हणजे खाली सही कुणाच्या खुशीने झाली आहे, ते सरकारलाही वाचता येईल.